हृदयाच्या पेशंटचे कागद, गोळ्या आणि डॉक्टरला सांगायचा त्रास: घरच्यांना किती कळायला हवं?

अजनीकर | सोमवार, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी. बाबांना मागच्या महिन्यात हार्ट अटॅक आला. वेळेत पोचलो, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला, आता घरी आहेत. वय ६८, शुगर आणि बीपी दोन्ही जुनं.

डिस्चार्ज कार्डातलं निम्मं मला कळत नाही. ‘केसीओ एचटीएन, डीएम’, ‘एडब्ल्यूएमआय’, ‘पीटीसीए टू एलएडी’, ‘एलव्हीईएफ ३५%’. बाबांनी तो ३५ चा आकडा वाचला आणि तेव्हापासून भेटायला येईल त्याला “माझं हृदय पस्तीस टक्केच उरलं” म्हणून सांगून राहिले. गोळ्या सात. कोणती कशाची, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. बाबांना काहीही झालं की ते म्हणतात, “घाबरल्यासारखं होते.” दम लागला तरी तेच, चक्कर आली तरी तेच. डॉक्टर विचारतात नेमकं काय होतं, आणि बाबा पुन्हा तेच सांगतात.

माझं मत असं की घरातल्या एका तरी माणसाला हे सगळं नीट कळलंच पाहिजे. काकाजी म्हणतात, डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्या, तुम्ही फक्त वेळेवर गोळ्या द्या. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

तर्रीपोहे | रात्री ९:२४
बाबांना लवकर बरं वाटो. एका माणसाला नाही, दोघांना कळलं पाहिजे. ज्याला कळते तोच नेमका त्या दिवशी अमरावतीला गेलेला असतो.

वैदर्भी_सिस्टर | रात्री ९:५०
मी बरीच वर्षं कार्डियाक आयसीयूत काम केलं, आता निवृत्त आहे. आधी बाबांचा तो ३५ चा आकडा मनातून काढा.

ईएफ (कार्डावरचं एलव्हीईएफ) म्हणजे हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, त्याचं माप. तुमचं-माझं धडधाकट हृदयसुद्धा १०० टक्के फेकत नाही. साधारण ५५ ते ७० असतं. म्हणजे बाबांची तुलना शंभराशी करायची नाही, साठाच्या आसपासच्या आकड्याशी करायची. शिवाय अटॅकनंतर लगेच केलेल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हा आकडा कमी येऊ शकतो, कारण स्नायूचा काही भाग मेलेला नसतो, नुसता गारठलेला असतो. रक्तपुरवठा सुरू झाला आणि गोळ्या नीट चालल्या की काही आठवड्यांत तो पुन्हा हलायला लागतो. म्हणूनच डॉक्टर काही काळाने पुन्हा टूडी इको करायला लावतात. बाबांना हे शांतपणे, कागदावर हृदयाचं चित्र काढून सांगा. मी आयसीयूत असंच करायची, आणि माणसाचा चेहरा बदललेला दिसायचा.

बाकीचं सोपं आहे. केसीओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, एचटीएन उच्च रक्तदाब, डीएम मधुमेह. एडब्ल्यूएमआय म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक. एलएडी ही त्या भिंतीला रक्त नेणारी मुख्य धमनी, आणि पीटीसीए म्हणजे तुम्ही ज्याला अँजिओप्लास्टी म्हणता तेच.

धंतोलीचा_दादा | रात्री १०:१५
मी तुमच्या काकाजींच्या बाजूचा आहे. माझ्या मावशीने गोळीच्या डब्यातला तो घडी घातलेला कागद पूर्ण वाचला. त्यातले दुष्परिणाम वाचून तिला सगळेच व्हायला लागले, आणि एक गोळी तिने कोणाला न विचारता बंद केली. अर्धवट माहिती म्हाताऱ्या माणसाला नुसती भीती देते. नावं माहीत असून आपण काय करणार? डोस तर डॉक्टरच ठरवणार ना.

वैदर्भी_सिस्टर | रात्री १०:३२
दादा, मावशीने गोळी बंद केली ती जास्त माहितीमुळे नाही, गोळीचं काम माहीत नव्हतं म्हणून. त्या कागदात दुष्परिणाम ओळीने छापलेले असतात, पण ‘ही बंद केली तर काय होईल’ हे पेशंटला समजेल असं कोणी सांगत नाही.

अजनीकर, तुमच्या बाबांच्या सात गोळ्या कोणत्या ते मी न बघता सांगणार नाही. पण स्टेंटनंतर बहुतेकांच्या चिठ्ठीत जी मंडळी असतात ती अशी. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर. यांना सगळे ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. खरं काम असं की रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, म्हणजे नव्या स्टेंटमध्ये गुठळी होत नाही. अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर चालते. मधेच सोडली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि ते जिवावर बेततं. टिकाग्रेलरने काहींना उगीच दम लागल्यासारखं वाटतं. तेही डॉक्टरला सांगायचं, स्वतः बंद करायचं नाही.

अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवते आणि धमनीतला चरबीचा थर फुटू नये म्हणून त्याला स्थिर करते. त्यामुळे “माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता काहून घेऊ” हा प्रश्नच चुकीचा. अंग, मांड्या फार दुखायला लागल्या, लघवी गडद चहासारखी झाली तर लगेच कळवायचं. मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल ठोक्यांचा वेग कमी ठेवते, हृदयाला विसावा देते. ती एकदम बंद केली तर ठोके आणि बीपी उसळतात. आणि शुगरच्या पेशंटमध्ये एक खास गोष्ट: साखर कमी झाली की होणारी थरथर आणि धडधड ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र येतो. बाबांना एकदम घाम सुटला तर साखर तपासाच, पण छातीचं विचारायलाही विसरू नका.

बीपीच्या रॅमिप्रिल या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो. लोक महिनोन्महिने खोकल्याचं औषध पीत बसतात. डॉक्टरला सांगितलं तर ते बहुधा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देतात.

संत्रीबाग | रात्री १०:४१
रॅमिप्रिलच्या घराण्याची गंमत माहीत आहे का? ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाने रक्तदाब कोसळतो, त्याचा अभ्यास करता करता या जातीची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, तयार झाली. १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

तर्रीपोहे | रात्री १०:४४
बाबांना हे नका सांगू बाप्पा. मावशीसारखं तेही गोळी सोडतील.

गांधीबाग_केमिस्ट | मंगळवार, सकाळी ८:०५
दुकान उघडायच्या आधी लिहितो. दादा, नावं माहीत असून काय करणार, असं तुम्ही विचारलं. मी काउंटरवर जे रोज पाहतो ते सांगतो.

पेशंट दवाखान्यातून नवी चिठ्ठी घेऊन येतो. घरी जुन्या फॅमिली डॉक्टरची बीपीची गोळी सुरूच असते. दोन्हींची कंपनीची नावं वेगळी, आतलं सॉल्ट, म्हणजे मूळ औषध, तेच. माणूस दोन्ही घेतो आणि तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये भोवळ येऊन पडतो. दुसरा प्रकार एकत्र गोळ्यांचा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात. ती कॅप्सूल चालू असताना वरून वेगळी अ‍ॅस्पिरिन घेणारे आहेत. म्हणून स्ट्रिपवर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत जे लिहिलं असतं, ते वाचा. त्याच नावावर जनऔषधी केंद्रातून स्वस्तात गोळी मिळते, गावाला गेल्यावर दुसऱ्या कंपनीची मिळाली तरी अडत नाही.

चिठ्ठीवरची अक्षरं: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. या शेवटच्यावर जास्त घोळ होतो. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी कोणी कोणी रोज सकाळी पाण्यासोबत गिळतात, आणि डोकं ठणकते म्हणून माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येतात.

एक काम कराच. सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला आणि ती पिशवी डॉक्टरपुढे ठेवा. जुन्या, अर्ध्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, काढ्याच्या बाटल्या, सगळं.

महालची_सून | सकाळी ११:३०
‘घाबरल्यासारखं होते’ यावर लिहायचं आहे, कारण आमच्या घरी याच शब्दांत रात्र गेली होती.

सासूबाईंना शुगर. रात्री जेवण झाल्यावर म्हणाल्या, जीव घाबरून राहिला, जबडा अवघडल्यासारखा वाटते. छातीत दुखते का विचारलं तर म्हणाल्या नाही. सगळ्यांनी एकमताने गॅस ठरवला. सोडा दिला, ओवा दिला, पाठ चोळली. पदर घामाने ओला झाला, तर कोणी म्हणालं उकाडा आहे. पहाटे एका दवाखान्यात नेलं, तिथेही “अ‍ॅसिडिटी आहे” म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवत होते. माझ्या नणंदेने हट्ट धरला, ईसीजी काढल्याशिवाय आम्ही हलणार नाही. ईसीजी काढला आणि मग सगळी धावपळ सुरू झाली. त्या वाचल्या, पण हृदयाच्या स्नायूचं नुकसान व्हायचं ते झालं.

शुगरच्या माणसाला, बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला छातीत कळ येईलच असं नाही, हे मला त्या दिवसानंतर कळलं. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं, आणि म्हणून मी अजनीकरांच्या बाजूची आहे.

एमडी_वर्धारोड | दुपारी २:१५
महालच्या ताईंच्या नणंदेचं मनापासून कौतुक. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी संशय असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारा घटक) बघतात, हेही लक्षात ठेवा.

अजनीकर, पेशंटने वैद्यकीय शब्द बोलावे अशी आमची अजिबात अपेक्षा नसते. बाबांनी दम लागण्याला ‘डिस्प्निया’ म्हणायची गरज नाही. मला हवं असतं ते वर्णन, आणि ते आपल्या बोलीत उत्तम होतं. ‘घाबरल्यासारखं’ या एका शब्दात निदान पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात. घरी बसून शांतपणे त्या वेगळ्या करा.

छातीत असेल तर: टोचते, जळते, की कोणी दगड ठेवल्यासारखं जड वाटते? एका बोटाने जागा दाखवता येते की पूर्ण तळहात छातीवर ठेवावा लागतो? हातात, पाठीत, जबड्यात, बेंबीच्या वर जाते का? जिना चढताना येते आणि थांबलं की कमी होते का? चालल्यावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा दाब म्हणजे अँजायना, हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं, असण्याची शक्यता मोठी. तोच आता बसल्या जागी यायला लागला, किंवा पूर्वीपेक्षा कमी चालण्यात यायला लागला, तर ती घाईची गोष्ट आहे.

दम असेल तर मला एकच प्रश्न फार उपयोगी पडतो: उशा किती घेता? आडवं झालं की दम लागतो, उठून बसलं की बरं वाटते, किंवा झोपल्यावर तासा-दोन तासांत गुदमरून जाग येते आणि खिडकीशी जाऊन बसावं लागते, हे फुप्फुसात पाणी साचत असल्याचं लक्षण असू शकते. “आजकाल बाबा खुर्चीत झोपतात” हे वाक्य घरच्यांनी सहज बोलता बोलता सांगितलेलं असतं, आणि पूर्ण तपासणीत तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरते.

धडधड असेल तर ती टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा. एकसारखी जलद, की कशीही वेडीवाकडी? एकदम सुरू होऊन एकदम थांबते का? चक्कर असेल तर घर फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते? घर फिरणं बहुधा कानाकडचं असते. उभं राहताना अंधारी येणं बीपीकडे बोट दाखवते. आणि श्रम करताना शुद्ध हरपणं हृदयाकडे, त्यात वेळ घालवू नका. पाय सुजत असतील तर नडगीवर बोटाने दाबा, खड्डा पडून राहतो का पाहा. अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर बीपीच्या त्या गोळीनेही घोट्याशी सूज येते.

धंतोलीचा_दादा | दुपारी ३:०२
डॉक्टरसाहेब, तुम्ही हे पटवून दिलं. माझा विरोध गोळ्यांच्या नावांना होता, त्रासाच्या वर्णनाला नाही. पण एक विचारतो. आमच्या कॉलनीत निम्मे काका लोक खिशात सॉर्बिट्रेट ठेवतात आणि मॉर्निंग वॉकला कोणालाही छातीत दुखलं की जिभेखाली देतात. हे बरोबर आहे का जी?

एमडी_वर्धारोड | दुपारी ३:४०
ज्याला त्याच्या डॉक्टरने लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे बीपी उतरते. बीपी आधीच कमी असेल, किंवा अटॅक हृदयाच्या उजव्या भागाला असेल, तर माणूस जागेवर कोसळू शकतो. लैंगिक क्षमतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतली असेल तर ही अजिबात चालत नाही. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास. लोक लाजेने हे सांगत नाहीत. कृपा करून सांगा, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

ज्यांना लिहून दिली आहे त्यांनी बसून घ्यायची, उभ्याने नाही. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन. अटॅकची शंका असेल आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवर अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगू शकतात. स्वतः गाडी चालवत मेडिकल किंवा सुपर, म्हणजे नागपुरातली मोठी सरकारी इस्पितळं, गाठायचा प्रयत्न कोणी करू नका.

संत्रीबाग | दुपारी ४:१०
माझ्या सासऱ्यांना बायपासनंतर एकाने सांगितलं, संत्री बंद करा, गोळीशी भांडतात. आता नागपुरात राहून संत्री बंद? खरं काय आहे?

वैदर्भी_सिस्टर | दुपारी ४:३५
भांडतं ते ग्रेपफ्रूट, आणि त्याच्या जवळचं पपनस. काही स्टॅटिन आणि बीपीच्या काही गोळ्या त्यामुळे रक्तात वाढतात. आपलं संत्रं त्यात नाही. मात्र स्पिरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांपैकी काही चालू असेल आणि किडनी अशक्त असेल, तर पोटॅशियम वाढू शकतं. अशा माणसाने टोपलीभर संत्री आणि नारळपाणी एका बैठकीत नको. यापेक्षा मोठा धोका बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठाचा आहे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. सैंधव घेणाऱ्यांनीही ऐका, ते साध्या मिठासारखंच सोडियम आहे.

तर्रीपोहे | दुपारी ४:५०
आणि सावजी?

वैदर्भी_सिस्टर | दुपारी ४:५८
तिखटाचं मला भय नाही, तेल, मीठ आणि सोबतच्या पापड-लोणच्याचं आहे. महिन्यातून एखाद्या वेळी अर्धी वाटी, आणि तर्री न ओतता.

रेशीमबागकर | संध्याकाळी ६:२०
अर्जुनसालीचा काढा आमच्याकडे पिढ्यांपासून घेतात. त्याबद्दल कोणी बोलत नाही. हृदयाची डिगॉक्सिन ही गोळीसुद्धा झाडापासूनच आली ना?

एमडी_वर्धारोड | संध्याकाळी ७:४५
हो. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाबद्दल लिहिलं, आणि त्याच जातीच्या झाडापासून डिगॉक्सिन आली. पण विदरिंगचं मोठं काम औषध शोधण्यापेक्षा त्याचं माप ठरवण्याचं होतं. ज्या मात्रेत फायदा, तिच्या जरा वर विष. मळमळ, भूक मरणं, सगळं पिवळसर दिसणं आणि ठोके बिघडणं ही डिगॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणं. आपल्याकडे रस्त्याच्या दुभाजकांवर लावलेली कण्हेर आणि कुंपणाची पिवळी बिट्टी यांच्यात त्याच प्रकारचं विष आहे. बिट्टीची बी खाऊन ठोके मंदावलेले पेशंट विदर्भातल्या डॉक्टरांनी पाहिलेले आहेत. म्हणून झाडापासून आलं म्हणजे निर्धोक, हे मी मान्य करणार नाही.

अर्जुनसाल घेत असाल तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्या आणि आम्हालाही सांगा, कारण बीपीच्या गोळ्या सोबत चालू असतात. गोळ्यांच्या ऐवजी मात्र नाही.

रेशीमबागकर | रात्री ८:०१
ऐवजी नाहीच घेत. पण सांगितलं कधी नव्हतं. पुढच्या वेळी पिशवीत काढ्याची बाटली ठेवतो.

अजनीकर | बुधवार, रात्री ९:३०
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना काल ईएफचं समजावलं. आज भेटायला आलेल्या काकाजींना ते स्वतः कागदावर चित्र काढून सांगत होते. ‘घाबरल्यासारखं’ म्हणजे काय तेही निघालं: दोनदा आडवं झाल्यावर दम होता, एकदा उठताना अंधारी. डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं, त्यांनी लगेच बोलावून लॅसिक्स (लघवीवाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी गोळी) सुरू केली. उन्हाळ्यात या गोळीचं काय सांभाळायचं?

वैदर्भी_सिस्टर | रात्री ९:५५
बरं झालं सांगितलंत. लॅसिक्सचा असर साधारण सहा तास, म्हणून सकाळी घ्यायची, नाहीतर रात्रभर बाथरूम. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं, लगेच फोन करा. उलट आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला, जुलाब झाले, जेवण सुटलं, आणि ही गोळी तशीच चालू राहिली तर पाणी आणि बीपी दोन्ही घसरतात. अशा दिवशी डोसचं काय करायचं हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. पाणी रोज किती प्यायचं तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

अजनीकर | रात्री १०:१०
अजून एक. बाबांची दाढ दुखते आहे. दाताच्या डॉक्टरांनी काढायची म्हटलं आणि त्याआधी रक्ताच्या दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद ठेवायला सांगितल्या.

एमडी_वर्धारोड | रात्री १०:१८
बंद करू नका. स्टेंट महिन्याचा आहे. उद्या सकाळी आधी कार्डिओलॉजिस्टला फोन करा आणि दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. एखादा दात काढताना होणारा रक्तस्राव बहुधा जागेवर दाबून, टाका घालून थांबवता येतो. बंद पडलेला स्टेंट तसा सावरता येत नाही.

गांधीबाग_केमिस्ट | रात्री १०:२६
आणि तोवर दाढेसाठी कोणाच्या सांगण्यावरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. अटॅकनंतर त्या गोळ्या हृदयाला आणि किडनीला धोक्याच्या असतात, या रक्ताच्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते का ते उद्याच्या फोनवरच विचारा. गोळ्यांच्या यादीत खाली एक रकाना करा, ‘बाबांना चालत नाही’, आणि ही दोन नावं आजच लाल पेनाने लिहा.